मोहिनी कोणाच्या हातीं?

पणजीस मांडवीच्या कांठीं जुन्या सचिवालयाशेजारीं एक पुतळा उभा आहे. झगा घातलेल्या एका धर्मगुरूनें दोन्ही हात पुढें केले आहेत आणि त्या हातांखालीं एक स्त्री भान हरपून मागें कलत आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनीं घडविलेला हा पुतळा १९४५ सालीं तेथें बसविण्यांत आला. येणारा जाणारा तो पाहतो आणि मनांत म्हणतो कीं, ह्या पुरुषाच्या हातांत कांहीं विलक्षण शक्ति असली पाहिजे. शिल्प उत्तम आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्याचें तें स्मारक, त्यानें आपलें उत्तरायुष्य ह्याच्या नेमकें उलट सांगण्यांत घालविलें, ही गोष्ट पुतळा पाहून कोणाच्याहि ध्यानांत यावयाची नाहीं. आबे फारिया ह्याचें सांगणें इतकेंच होतें कीं, निजविणाऱ्याच्या हातांत कांहीं नाहीं. जें कांहीं आहे तें निजणाऱ्याच्या मनांत आहे. ह्या एका वाक्याचा अर्थ आमच्या समाजाच्या गळीं अद्याप उतरलेला नाहीं, आणि न उतरल्यामुळें माणसें फसतात, मार खातात, प्रसंगीं जिवासहि मुकतात. म्हणून आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

फारियाचा जन्म ३१ मे १७५६ रोजीं बारदेशांतील कांदोळी गांवीं झाला. पंधराव्या वर्षीं तो बापाबरोबर लिस्बनास गेला, रोमेस शिकून १७८० सालीं धर्मगुरु झाला, आणि पुढें फ्रान्स देशांत राहिला. त्याची एक आख्यायिका गोव्यांत अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करावयास उभा राहिला असतां ह्या तरुणाची वाचाच बसली. तेव्हां बापानें खालून कोंकणींत हळूच सांगितलें कीं, ही समोरची सगळी भाजी आहे, काप रे भाजी! लगेच त्याची जीभ मोकळी झाली. गोष्ट खरी असो वा नसो, घरच्या भाषेंतील दोन शब्दांनीं माणसाच्या चित्ताची स्थिति क्षणांत पालटते हा अनुभव खरा आहे, आणि फारियाची पुढली सर्व विद्या ह्याच बीजाची. फ्रेंच कादंबरीकार द्यूमा ह्यानें 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ह्या कादंबरींत फारिया नांवाचा एक कैदी धर्मगुरु घातला. पण त्यास इटालियन करून टाकलें. त्यामुळें जगभर हें नांव वाचणाऱ्या असंख्य लोकांस तो मूळचा कांदोळीचा हें ठाऊक नसतें.

फारियाच्या पूर्वीं ह्या विद्येचा बाजार डॉक्टर मेस्मर ह्यानें मांडिला होता. सर्व सृष्टींत एक सूक्ष्म प्रवाही द्रव्य भरलें आहे, लोहचुंबकाप्रमाणें तें आपणांस रोग्याच्या शरीरांत सोडतां येतें, आणि त्यानें व्याधि बऱ्या होतात, असें त्याचें म्हणणें. पॅरिसचीं बडीं माणसें त्याच्या दाराशीं दाटी करूं लागलीं. अखेर १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें चौकशीसाठीं पंडितांची समिति नेमली. तींत अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन होता आणि रसायनशास्त्राचा आद्याचार्य लाव्हाझिए होता. त्यांनीं केलेला एक प्रयोग प्रत्येक शाळेंत शिकविण्याजोगा आहे. पॅरिसजवळ फ्रँकलिनच्या बागेंत एका जर्दाळूच्या झाडांत मेस्मरच्या शिष्यानें आपली शक्ति 'भरून' ठेविली. मग बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून आणलें आणि एकामागून एक अशा चार झाडांपाशीं उभें केलें. चारांपैकीं एकहि तें झाड नव्हतें. चौथ्या झाडापाशीं मुलगा बेशुद्ध होऊन पडला. शक्ति भरलेलें झाड तेथून चोवीस फूट दूर उभें होतें!

समितीनें निकाल दिला कीं, असलें कांहीं द्रव्य नाहीं. हा सारा कल्पनेचा खेळ आहे. निकाल योग्यच होता. पण तो देऊन पंडित घरीं गेले, आणि ज्या कल्पनेनें एक धडधाकट पोर धाडकन जमिनीवर पडतें ती कल्पना म्हणजे आहे तरी काय, हें कोणीं विचारिलें नाहीं. तें फारियानें विचारिलें. १८१३ सालीं पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यानें जाहीर प्रयोग सुरू केले. द्रव्य नाहीं, लोहचुंबक नाहीं. माणसास स्वस्थ बसवावें, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करावयास सांगावें, आणि मग ठासून म्हणावें, 'झोपा!' कोणी झोपत, कोणी झोपत नसत. ज्यांचें चित्त एकाग्र होण्याजोगें त्यांनाच ही निद्रा येते, आपल्या अंगीं विशेष कांहीं नाहीं, असें तो लोकांस तोंडावर सांगे. जादूगारानेंच पेटी उघडून दाखविली तर प्रेक्षकांस राग येतो, तसें झालें. शक्तिवाले रुष्ट झाले, धर्मपीठास संशय आला, आणि १८१६ सालीं एका नाटकगृहांत ह्या विद्येची टिंगल करणारें प्रहसन लागलें. २० सप्टेंबर १८१९ रोजीं फारिया दारिद्र्यांत वारला. त्याच वर्षीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचें सर्वच बरोबर होतें असें नाहीं. रक्त पातळ असणाऱ्यांस ही निद्रा लवकर येते असें तो समजे, तें खोटें ठरलें. परंतु मुख्य सिद्धान्त टिकला. पुढें मँचेस्टरचा शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड ह्यानें १८४३ सालच्या ग्रंथांत ह्या अवस्थेस नवें नांव देऊन तिचा शास्त्रीय विचार केला, आणि नान्सी येथील बर्नहाइमनें सूचनेचें सामर्थ्य हेंच संमोहनाचें मर्म म्हणून मांडिलें, तेव्हां फारियाचें ऋण जाणकारांनीं मान्य केलें.

आमच्या देशांतहि ह्या विद्येची एक मोठी परीक्षा झालेली आहे. बंगाल्यांत हुगळी येथें जेम्स एस्डेल नांवाचा सरकारी डॉक्टर होता. एप्रिल १८४५ मध्यें त्यानें एका कैद्यास मोहनिद्रेंत घालून त्याच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि नंतर थोड्याच महिन्यांत अशा कित्येक डझन शस्त्रक्रिया केल्या. त्या काळीं भूल देण्याचें औषध नव्हतें; रोग्यास चौघांनीं दाबून धरावें आणि डॉक्टरनें कापावें अशी रीति होती. सरकारनें समिति नेमून पाहणी केली आणि १८४६ च्या अखेरीस कलकत्त्यास ह्या पद्धतीचें एक इस्पितळ प्रयोगादाखल उघडून दिलें. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत बोस्टन येथें ईथरनें भूल देण्यांत आली होती, आणि १८४७ च्या नोव्हेंबरांत एडिंबर्गास क्लोरोफॉर्म आलें. मोहनिद्रा आणावयास तासच्या तास, कधीं कधीं दिवसच्या दिवस लागत, आणि ती सर्वांस येत नसे. क्लोरोफॉर्म कांहीं मिनिटांत वाटेल त्यास गाढ निजवी. एस्डेलची पद्धति मागें पडली ती खोटी म्हणून नव्हे, तर सर्वांस सारखी लागू पडेना म्हणून. व्यापारी वाचकांस ह्याचें मर्म निराळें सांगावयास नको.

आज संमोहनाचें स्थान काय, हें नीट समजून घ्यावें. मेंदूंतील सूक्ष्म विद्युत्‌लहरी टिपण्याची युक्ति जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर ह्यानें १९२९ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या साहाय्यानें पाहतां संमोहित मनुष्य झोपलेला नसतो, जागाच असतो, फक्त त्याचें लक्ष एका जागीं खिळलेलें असतें आणि बाकीचें जग मागें सरलेलें असतें. सहज संमोहित होणारे लोक थोडे, मुळींच न होणारेहि थोडे, बाकीचे मधल्यामध्यें. तज्ज्ञ डॉक्टरच्या हातीं ह्या अवस्थेचा वेदना सोसण्यास, भाजलेल्या रोग्याच्या पट्ट्या बदलण्यास, आंतड्यांच्या कांहीं चिवट तक्रारींस उपयोग होतो. परंतु तींत गतजन्म दिसत नाहीं, हरवलेला दागिना सांपडत नाहीं आणि विसरलेली गोष्ट हमखास आठवतहि नाहीं. उलट न घडलेल्या गोष्टी घडल्याशा वाटूं लागतात, आणि त्या सांगणारा मनुष्य प्रामाणिकपणें सांगतो, हा त्यांतला सर्वांत मोठा धोका. चार दिवसांत संमोहनतज्ज्ञ करून सोडण्याच्या जाहिराती देणारे हें सांगत नाहींत.

हीच गोष्ट औषध टोंचून सत्य वदविण्याची. पेंटोथालची सुई देऊन अर्धवट गुंगींत आरोपीस प्रश्न विचारण्याची पद्धत आमच्या पोलिसांत कांहीं काळ फार बोकाळली होती, आणि वर्तमानपत्रेंहि तिचीं वर्णनें चवीनें छापीत. गुंगींतला मनुष्य मोकळा बोलतो हें खरें. परंतु तो खरेंच बोलतो असें नाहीं, आणि विचारणाऱ्याच्या मनांत जें असेल तें त्याच्या तोंडून सहज निघतें. सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१० रोजीं सेल्वी खटल्याच्या निकालांत, कोणाच्याहि संमतीवांचून अशी चाचणी करणें घटनाबाह्य ठरविलें. चित्त हें ज्याचें त्याचें, तेथें दुसऱ्यास किल्ली चालवितां येणार नाहीं, असेंच ह्या निकालाचें तात्पर्य आम्ही समजतों.

आतां घरच्या प्रश्नाकडे वळूं. अंगांत येणें हा प्रकार आमच्या गांवोगांवींच नव्हे तर शहरांच्या चाळींतहि चालतो. त्याची थट्टा करणें सोपें आहे आणि पुष्कळ सुधारक म्हणविणारे तेवढेंच करितात. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्या घरांत सुनेस एरवीं कोणी तिचें मत विचारीत नाहीं, तेथें तिच्या अंगांत आलें म्हणजे सासू हात जोडते आणि सासरा नारळ आणतो, ही गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहावी. सर्वच जणी सोंग करितात असें नाहीं. पुष्कळदां तें खरोखरच बदललेलें भान असतें. हलगीचा ठेका, धुपाचा धूर, उपास, जागरण आणि भोंवतालच्या शंभर माणसांची अपेक्षा, एवढी सामग्री जमल्यावर फारियाच्या 'झोपा' ह्या शब्दाची गरजहि उरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ पासून अमलांत आणिलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत ह्या अवस्थेस स्वतंत्र स्थान आहे, आणि तेथें असेंहि म्हटलें आहे कीं, समाजमान्य धार्मिक विधीचा भाग म्हणून ती आली असेल तर तो रोग समजूं नये. ती मनाविरुद्ध वारंवार येऊन संसार मोडूं लागली म्हणजे मात्र उपचार हवा.

उपचार म्हणजे भगताचा चाबूक नव्हे. मिरचीची धुरी देणें, केंस धरून आपटणें, देवळाच्या खांबास साखळीनें बांधून ठेवणें, हे प्रकार ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस आम्ही अतिशयोक्ति करीत नाहीं हें ठाऊक आहे. भगताचा सारा अधिकार 'माझ्या हातीं शक्ति आहे' ह्या एका दाव्यावर उभा असतो. तो दावा मेस्मरच्या जर्दाळूच्या झाडाइतकाच पोकळ आहे. तमिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आश्रयानें चालणाऱ्या एका खासगी निवासांत ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे आग लागली. रोगी साखळ्यांनीं जखडलेले होते, त्यांस पळतां आलें नाहीं, आणि २८ जण जळून मेले. तेथें दर्गा होता, इतरत्र देवळें आहेत. साखळीस धर्म नसतो. महाराष्ट्रांत ह्यावर कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत भर रस्त्यावर खून झाला, आणि मग कोठें त्याच महिन्यांत वटहुकूम व डिसेंबरांत कायदा झाला. भूत उतरविण्याच्या मिषानें मारहाण करणें व बांधून ठेवणें हा आतां ह्या राज्यांत गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें साखळी घालणें देशभर निषिद्ध केलें आहे. कायदा पुस्तकांत आहे. परंतु शेजारच्या घरांतून किंकाळी ऐकूं आली असतां पोलिसांत जाणारा मनुष्य विरळा.

भुतांचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगतों. रात्रीं अवचित जाग यावी, हातपाय हलूं नयेत, छातीवर कोणी बसल्यासारखें वाटावें आणि तोंडांतून शब्द फुटूं नये, हा अनुभव पुष्कळांस येतो आणि त्यावर मांत्रिकांचीं घरें चालतात. ह्याचा उलगडा शिकागो येथें लागला. १९५३ सालीं असेरिन्स्की व क्लाइटमन ह्यांनीं दाखविलें कीं, झोप ही एकसारखी नसून तींत सुमारें दीड दीड तासानें एक निराळी अवस्था येते. तींत मिटल्या पापण्यांखालीं डोळे भराभर फिरतात, आणि अशा वेळीं उठविलेला मनुष्य स्वप्न सांगतो. ह्या अवस्थेंत शरीराचे स्नायु निसर्गतः शिथिल झालेले असतात. तसें नसतें तर स्वप्नांत धांवणारा मनुष्य अंथरुणांतून उठून पळाला असता. कधीं कधीं मन आधीं जागें होतें आणि स्नायूंवरचा हा बंध क्षणभर तसाच राहतो. छातीवर बसणारें भूत तें हेंच. जागरण व अनियमित झोप ह्यांनीं तें अधिक वेळां येतें. मंत्राऐवजीं ठरल्या वेळीं निजावें.

परंतु झोप वेळेवर घेणें म्हणजे आमच्याकडे आळस! पहाटे तीन वाजतां उठणारा विद्यार्थी, सोळा तास दुकान उघडें ठेवणारा व्यापारी, ह्यांची वाखाणणी होते. प्रौढ मनुष्यास सात तासांहून कमी झोप नियमितपणें मिळणें हितावह नाहीं आणि वाढत्या वयाच्या मुलांस आठ ते दहा तास हवे, असें तज्ज्ञांचें मत आहे. आपण जागे असतों तोंपर्यंत मेंदूंत अ‍ॅडिनोसिन नांवाचें द्रव्य सांठत जातें आणि झोप अनावर होते. चहाकॉफींतील कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतें, पण सांठा कमी करीत नाहीं. दारांत उभ्या असलेल्या सावकारास 'मालक घरीं नाहींत' असें सांगण्यापैकींच हा प्रकार, आणि तेवढ्या वेळांत व्याज चढतच असतें. सायंकाळीं सहा वाजतां पोटांत गेलेल्या कॅफीनपैकीं निम्मेंशिम्में अकरा वाजतांहि अंगांत असतें, हें ज्यांस रात्रीं झोप येत नाहीं त्यांनीं आधीं पाहावें.

ऑस्ट्रेलियांतील दोघां संशोधकांनीं १९९७ सालीं मोजून दाखविलें कीं, सतरा तास सलग जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्ताच्या शंभर मिलिलिटरांत पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. आमच्या मोटार कायद्यानें वाहन हांकणाऱ्यास ठरविलेली मर्यादा तीस मिलिग्रॅमांची आहे. म्हणजे पहाटे पांचास उठलेला ट्रकचालक रात्रीं दहानंतर थेंबभर न पितांहि जवळ जवळ प्यालेल्यासारखाच गाडी हांकीत असतो, आणि नळींत फुंकावयास सांगणाऱ्या पोलिसास तें कळण्याचा मार्ग नाहीं. वाहनकामगारांच्या आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९६१ सालींच झाला. तरीहि माल सकाळपर्यंत पोंचला नाहीं तर भाडें कापूं असें जो अडत्या दूरध्वनीवर बजावतो, तो आपण कोणास काय पाजीत आहों ह्याचा विचार करीत नाहीं. ह्या पत्राच्या वाचकांत असे अडते आहेत, म्हणूनच हें येथें लिहीत आहों.

एका टोंकास झोप चोरली जाते, तर दुसऱ्या टोंकास ती विकत घेतली जाते. रात्रीं दोन पेग घेतले कीं झोप लागते असें सांगणारे पुष्कळ. लागते ती लवकर, पण उत्तररात्रीं मोडते, आणि स्वप्नावस्थेची झोप दारू खाऊन टाकते. गोळ्यांची गोष्ट अधिक अवघड आहे. अल्प्राझोलाम, डायाझेपाम, झोल्पिडेम हीं औषधें योग्य रोग्यास, योग्य मुदतीपुरतीं उपकारकच आहेत. परंतु महिनोन्‌महिने घेतलीं म्हणजे शरीर त्यांस सरावतें, मात्रा वाढवावी लागते, आणि एकाएकीं बंद केलीं तर झटकेहि येऊं शकतात. म्हणून ज्यांस सवय लागली आहे त्यांनीं हा लेख वाचून गोळ्या फेंकून न देतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवाव्या. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधीं सवयी व विचार सुधारण्याचा पद्धतशीर उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन वैद्यांच्या मंडळानें २०१६ सालीं केली. अंथरुणांत केवळ झोपेसाठींच जावें, झोप येत नसेल तर उठावें, रोज एकाच वेळीं जागें व्हावें, असा तो उपचार. त्यांत कोणाची मोहिनी नाहीं आणि कोणाचा नफाहि नाहीं, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोठें दिसत नाहीं.

वर सांगितलेलीं तिन्ही औषधें मार्च २०१४ पासून 'एच-१' परिशिष्टांत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तीं देतां येत नाहींत. डॉक्टरचें नांव, रोग्याचें नांव, औषध व त्याचें परिमाण हीं स्वतंत्र वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपून ठेवणें दुकानदारावर बंधनकारक आहे. 'नेहमींचें गिऱ्हाईक आहे, नाहीं कसें म्हणावें' हें उत्तर आम्हीं अनेक औषधविक्रेत्यांच्या तोंडून ऐकिलें आहे. सराफ नेहमींच्या गिऱ्हाइकासहि सोनें तोलल्यावांचून देत नाहीं. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक वही पाहावयास येतील तेव्हां येतील. प्रत्येक शहरांतील औषधविक्रेत्यांच्या संघानें ह्या वह्या महिन्यांतून एकदां आपल्या आपणच तपासाव्या, आणि एकाच नांवावर मागून मागून तीच गोळी गेलेली दिसली तर त्या रोग्याच्या डॉक्टरास कळवावें.